आस्वादक कोण?

मराठी समीक्षेत ‘आस्वाद’ हा शब्द इतका रुळला आहे की तो मुळात जिभेचा शब्द आहे, याची आठवण आता कोणाला होत नाही. कवितेचा आस्वाद घ्यायचा, नाटकाचे रसग्रहण करायचे, वाचकांची अभिरुची घडवायची. रस, रुची, गोडी, चव ही सगळी सामग्री स्वयंपाकघरातून उचललेली. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना दिलेला दाखलाही जेवणाचाच आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न खाताना सुमनस पुरुष जसे रस चाखतात आणि हर्ष पावतात, तसे प्रेक्षक स्थायी भाव चाखतात, असा त्याचा आशय. या दाखल्यावर शतकानुशतके भाष्ये झाली. जेवणारा कसा असावा, त्याचे मन कसे निर्मळ असावे, याचा खल झाला. ती व्यंजने कोणी वाटली, चुलीला जाळ कोणी घातला, उष्टी कोणी काढली आणि त्या उष्ट्यावर कोणाची पोरे वाढली, हा प्रश्न भाष्यकारांना पडला नाही. दलित समीक्षेने रसव्यवस्था नाकारली ती याच ठिकाणी. शरणकुमार लिंबाळे यांची ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1996) मधील मांडणी वाचकांना परिचित आहे. तिची उजळणी येथे करायची नाही. मला हा शब्द पुन्हा एकदा ताटापाशी न्यायचा आहे.

याला कारण आहे. हा सुमनस पुरुष गेल्या पंचवीसेक वर्षांत मराठीत नव्या वेषात अवतरला आहे. तो आता वाइन चाखतो आणि कोणत्या वाइनबरोबर घरचे कोणते जेवण शोभते, हे पुरवण्यांतून आपल्याला सांगतो. संघर्षाच्या आणि अस्मितेच्या प्रश्नांना वाहिलेल्या पानांवर पांढऱ्या आणि फेसाळ वाइनची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की ‘घरचे जेवण’ हे दोन शब्द जेथे जेथे लिहिले जातात तेथे तेथे कोणाचे घर, हे विचारणे हे समीक्षेचे काम आहे. मग ते पाकशास्त्राचे पुस्तक असो की वाइनची जाहिरात.

थोडा इतिहास. महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीची फेसाळ वाइन झाली ती 1980 नंतरच्या दशकात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने ती काढली आणि परदेशी पाठवली. तिचे नाव ठेवले ‘ओमर खय्याम’. देशात विकायच्या बाटलीचे नाव एका फ्रेंच राजाच्या प्रेयसीवरून ‘मार्क्विस द पाँपादूर’. द्राक्ष जुन्नरचे, कष्ट जुन्नरचे, नाव मात्र इराणचे नाहीतर फ्रान्सचे. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली. 2000 साली नाशिकच्या सुलाची शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ बाजारात आली. 2001 साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरवले. 2013 मध्ये दिंडोरीच्या द्राक्षांची ‘शाँदों’ फ्रेंच मालकीखाली निघाली. बाटली आली तशी तिच्यामागोमाग तिची भाषा आली.

ही भाषा आणि तिच्या याद्या वाचण्यासारख्या असतात. मराठी जेवणाबरोबर वाइन, असा मथळा. खाली कोथिंबीरवडी, अळूवडी, साबुदाणावडा, पापलेट, फार तर कोळंबीचे कालवण, शेवटी पुरणपोळी. सुकट नाही, सुके बोंबील नाहीत. वजडी, रक्ती, चान्या यांची नावे घेणे तर असभ्यपणाच. ही यादी वाइनवाल्यांनी नवी रचलेली नाही. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचले, त्याच्या कितीतरी आधीपासून छापील मराठी स्वयंपाकघर हे एका ठरावीक आळीतले स्वयंपाकघर होते. 2009 साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तिका काढली आणि 2015 साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले, तेव्हा कोठे मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे अन्न छापील अक्षरांत शिजले. त्या पुस्तकाच्या नावातला ‘अ’ फार मोलाचा आहे. वाइनच्या पुरवणीला मात्र तो ‘अ’ अजून दिसलेला नाही.

आता साहित्याकडे वळू, कारण मराठीत वाइन प्रथम आली ती बाटलीतून नव्हे, कवितेतून. माधव जूलियन फारसीचे जाणकार. त्यांची ‘उमरखय्यामकृत रुबाया’ 1929 साली आणि ‘द्राक्षकन्या’ 1931 साली प्रसिद्ध झाली. पुणेरी रसिकांच्या ओठी प्याला आणि साकी हे शब्द रुळले ते या काळात. प्यायचे नव्हतेच, फक्त म्हणायचे होते. या कालगणनेत दुसरी एक तारीख बसवून पाहावी. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले, आणि त्याबद्दल परत जाणाऱ्या सत्याग्रहींची डोकी फुटली. त्या तळ्याचे नाव चवदार. पाण्याची चव घेण्यासाठी ज्यांना मार खावा लागला त्यांच्याच मुलखात दोन वर्षांनी द्राक्षाच्या मद्यावरच्या चतुष्पदींचा आस्वाद घेतला जात होता. माधव जूलियनांना मी यासाठी दोष देत नाही. त्यांची विद्वत्ता खरी होती. पण तेव्हाच्या रसिकतेला या दोन तारखा एकमेकींच्या शेजारी दिसल्या नाहीत, एवढे तर म्हटलेच पाहिजे.

त्या कवितेतला साकी कोण? जो प्याला भरतो तो. साकीला रूप आहे, डोळे आहेत, हात आहेत. घर नाही. साकी जेवतो काय, मैफल उठल्यावर तो कोठे जातो, त्याला स्वतःला त्या मद्याची चव कशी लागते, हे फारसी कवीने विचारले नाही आणि मराठी अनुवादकानेही नाही. दलित साहित्यात दारू आली ती अगदी वेगळ्या वाटेने. दया पवारांच्या ‘बलुतं’ (1978) मध्ये आणि त्यानंतरच्या कितीतरी आत्मकथनांत ती बापाच्या तोंडाचा वास म्हणून येते, आईच्या पाठीवरचा वळ म्हणून येते. तेथे प्रतीक वगैरे काही नाही. पगाराचे पाकीट आहे आणि ते रिकामे आहे. म्हणून आपल्या वाचकाला वाइनची रसाळ वर्णने वाचताना जो तिटकारा येतो तो मी समजू शकतो. 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती घेणाऱ्यांनी घरे उभी केली हा आपला इतिहास आहे.

मुंबईत साकीनाका नावाची वस्ती आहे. हे नाव जुन्या साकी गावावरून पडले. खय्यामशी त्याचा संबंध नाही. तरीही हा योगायोग अर्थपूर्ण ठरावा अशी तेथली परिस्थिती आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना, खैरानी रोड, काजूपाडा, जरीमरी, असल्फा या भागांत जी दाट वस्ती आहे तिच्यातले पुष्कळ लोक सहार आणि मरोळच्या मोठ्या हॉटेलांत कामाला जातात. कोणी चादरी बदलतो, कोणी भांडी घासतो, कोणी मेजवान्यांत पेले भरतो. म्हणजे या शहरातले साकी खरोखरच साकीनाक्यात राहतात. 2014 साली मेट्रो सुरू झाल्यापासून त्यांची ये-जा थोडी सोपी झाली, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट चखण्याची. मराठी बारमध्ये दारूबरोबर जे तोंडी लावतात त्याला चखणा म्हणतात; पुरवण्या ज्याला ‘पेअरिंग’ म्हणतात ते याच गोष्टीचे शिष्ट नाव आहे. मुंबईचा चखणा, म्हणजे शेव, फरसाण, तळलेली डाळ, कोठे तयार होतो? त्याचा मोठा वाटा अशाच वस्त्यांतल्या गाळ्यांत तळला जातो. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे खैरानी रोडवरच्या फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागली आणि 12 कामगार गेले. पेल्याशेजारच्या वाटीत काय असते, याचा हाही एक अर्थ आहे.

माझे एक मावसभाऊ या भागात राहतात. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात अठरा वर्षे मेजवान्यांच्या कामावर आहेत. वहिनी बीडकडच्या, खैरानी रोडच्या गाळ्यांतल्या वीस-बावीस कामगारांचे डबे करतात. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. वाइन आणि घरचे जेवण यांवर लिहायचे तर जेवण याच घरचे असावे असे मला वाटले. नाशिक जिल्ह्यातल्या तीन बाटल्या मी परवानाधारक दुकानातून नेल्या : एक शेनिन ब्लाँ, एक सोव्हिन्यॉ ब्लाँ, एक फेसाळ, ‘ब्रूट’ म्हणतात ती. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्यासमोर बाटली उघडायची नाही, हे दादांनी आधीच सांगितले. आम्ही पोटमाळ्यावर बसलो.

आम्ही प्यालो नाही. पिणे आणि चाखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे दादांना त्यांच्या नोकरीने शिकवले होते. जे लोक वाइन चाखण्याचा व्यवसाय करतात ते घोट तोंडात घोळवतात आणि थुंकतात. त्यासाठी शेजारी एक भांडे ठेवलेले असते. दिवसाला पन्नास वाइन चाखायच्या तर दुसरा उपाय नाही. आम्ही एक चेपलेला टोप मध्ये ठेवला. ओठाला लावणे हीच प्रतिज्ञा मोडणे, असे मानणारे वाचक असतील. त्यांच्याशी माझा वाद नाही. पण तो टोप पाहून माझ्या मनात जे आले ते लिहिले पाहिजे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधून हिंडावे असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या 1936 च्या भाषणात नमूद केले आहे. थुंकायचे भांडे तेच. एकाच्या गळ्यात असले की तो विटाळाची खूण, दुसऱ्याच्या मेजावर असले की अभिरुचीचे साधन. वस्तू तीच राहते, माणूस बदलला की तिचा अर्थ बदलतो. सौंदर्यशास्त्राच्या जाड ग्रंथांत हा मुद्दा मला इतका स्पष्ट सापडला नव्हता.

फेसाळ बाटली उघडताना दादांनी बूच एका हाताने घट्ट धरले आणि बाटली फिरवली. बूच फिरवायचे नाही, बाटली फिरवायची. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, सुमारे सहा वातावरणांचा. बूच सुटले तर डोळा जाईल. आवाज होता कामा नये, सुस्कारा निघाला पाहिजे, असे त्यांना शिकवलेले. हॉटेलात मोठा आवाज हा गावंढळपणा समजतात. चाळीत आवाज होऊ द्यायचा नव्हता तो शेजाऱ्यांसाठी. अठरा वर्षांत त्यांनी हजारो बाटल्या अशा उघडल्या असतील. पाहुण्याने विचारल्याशिवाय वाइनविषयी बोलायचे नाही, हाही शिक्षणाचा भाग. पाहुणे सहसा विचारत नाहीत.

ताटात काय होते? कांद्यावर परतलेली सुकट. तळलेले सुके बोंबील. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी. हे दादांच्या बाजूचे. वहिनींच्या बाजूची बोकडाची वजडी, येसर घातलेली, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि चान्या. चान्या म्हशीच्या होत्या. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तलही गुन्हा आहे, तेव्हा कोणत्या जनावराच्या, हे लिहून ठेवावे लागते.

दादांनी बाटलीवरचे शब्द वाचून दाखवले. ‘क्रिस्प’, ‘फ्रूटी’, ‘ड्राय’. मराठी पुरवण्यांतही हे शब्द देवनागरी टोपी घालून तसेच बसलेले असतात. ड्राय म्हणजे कोरडी, असे दादा म्हणाले. वहिनींनी विचारले, “पाण्यासारखी पातळ हाय आन् कोरडी कशी?” साखर उरलेली नसते म्हणून, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग अगोड म्हना की, भाऊजी.” अगोड हा शब्द मराठीत आहे, अचूक आहे, आणि पंचवीस वर्षांत एकाही वाइनलेखकाच्या लेखणीतून उतरलेला माझ्या पाहण्यात नाही. त्या दुपारी वहिनींनी आणखी जे शब्द वापरले ते मी टिपून ठेवले. सोव्हिन्यॉ ब्लाँ ‘दात आंबवणारी’. शेनिन ब्लाँ ‘गुळचट’. फेसाळ वाइन जिभेवर ‘चुरचुरते’ आणि तिला ‘भट्टीतनं काढलेल्या पावाचा’ वास येतो. ही शेवटची गोष्ट शास्त्राला धरून आहे. फेसाळ वाइनची जुनी पद्धत अशी की तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते, वायू बाहेर पडू शकत नाही म्हणून फेस होतो, आणि मेलेल्या यीस्टचा गाळ महिनोन् महिने बाटलीतच राहतो. पावाचा वास त्या गाळाचा. वहिनींनी हे कोठे वाचले नव्हते. त्यांच्या खोलीमागे पावभट्टी आहे.

ज्याला शब्दसंपदा नाही त्याला अभिरुची नाही, असा प्रस्थापितांचा दावा असतो. येथे तर उलट दिसते. ओशट, तुरट, कडसर, खवट, हिंवस, वशाट, मचूळ, मिळमिळीत, खरपूस, चरचरीत : ही संपदा चुलीपाशी बसलेल्या बाईची आहे. ती नियतकालिकांत आली नाही, कारण ती बाई आली नाही.

चवीचा निकाल सांगतो. सुकटीबरोबर सोव्हिन्यॉ ब्लाँ उत्तम लागली. वर लिंबू पिळल्यासारखी. सुक्या मासळीला पांढरी वाइन का चालते आणि तांबडी का बिघडवते, याचे कारण जपानी शास्त्रज्ञांनी 2009 साली दाखवले : वाइनमधले लोह मासळीच्या तेलाशी भिडले की उग्र, हिंवस वास सुटतो, आणि लोह बहुधा तांबडीत जास्त असते. त्यांनी प्रयोग केला तो सुकवलेल्या शिंपल्यांवर. म्हणजे प्रयोगशाळेला सुकी मासळी वर्ज्य नव्हती. वर्ज्य आहे ती पुरवणीला. तळलेले बोंबील आणि चान्या यांच्याबरोबर फेसाळ वाइन सगळ्यांत सरस. खारट, तेलकट, कडक पदार्थ; प्रत्येक घासानंतर आंबटपणा आणि फेस जीभ धुऊन काढतात. वजडीला शेनिन ब्लाँ, कारण येसराचा जाळ तिच्यातल्या थोड्या गोडीने निवतो. ठेच्याबरोबर मात्र फेसाळ वाइनने कहर केला. मद्यार्क मिरचीची आग वाढवतो आणि फेसातला वायू त्याच जागी पुन्हा टोचतो. दादांच्या डोळ्यांतून पाणी आले. कुळथाच्या पिठीपुढे तिन्ही वाइन हरल्या. पिठी आपल्या जागी ढिम्म, वाइन आपल्या जागी. जे जुळत नाही ते जुळत नाही म्हणणे हीच प्रामाणिक समीक्षा. याद्या लिहिणारे हे क्वचितच लिहितात, कारण त्यांना बाटली विकायची असते.

वजडीचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांसाठी फ्रान्सची एक हकीकत. शॅम्पेन प्रांताची जुनी राजधानी त्रुआ. त्या गावाचा अभिमानाचा पदार्थ आंदुयेत. तो काय असतो? डुकराचे आतडे आणि पोट स्वच्छ करून, चिरून, आतड्यातच भरलेले. वास उग्र, आणि खाणारे तो वास आवडीने घेतात. त्याबरोबर ते त्यांच्या गावची शॅम्पेन पितात. रक्ताचे सॉसेजही फ्रान्सभर चालते. म्हणजे शॅम्पेनच्या जन्मभूमीत वजडी आणि रक्ती ताटात आहेत. त्या वगळल्या गेल्या दादर आणि डेक्कनला. त्याच त्रुआच्या परिसरातल्या, ओब जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना 1908 च्या हद्दवारीने शॅम्पेनबाहेर टाकले होते. 1911 साली ते रस्त्यावर उतरले, आणि 1927 मध्ये कायद्याने त्यांना आत घेतले. तुमच्या द्राक्षाला ते नाव लावायचा अधिकार नाही, असे सांगणारी व्यवस्था आणि तिच्याविरुद्धचा उठाव तेथेही झाला. शिष्ट शॅम्पेनच्या इतिहासातला हा भाग आपल्याकडे पोहोचत नाही, बाटली तेवढी पोहोचते.

मग या अन्नाला वाइनच्या यादीत जागा मागायची काय? माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते वहिनींच्या एका वाक्यातून आले आहे. “हे समदं लिंबू करतंय की.” सुकटीवर जे काम सोव्हिन्यॉ ब्लाँने केले ते लिंबू करते. बोंबलाच्या तेलावर कोकम आहे, वजडीच्या ओशटपणावर ताक आहे, मराठवाड्यात आंबाडी आहे, चिंच आहे. आंबटाने चरबी कापायची, गोडाने तिखट निववायचे, हे ज्ञान या चुलीपाशी आधीपासून आहे. वाइनने त्यात भर घातली ती एका नव्या आंबटाची, आणि ते महाग आंबट आहे. उरलेली सोव्हिन्यॉ ब्लाँ वहिनींनी दुसऱ्या दिवशी सुकटीत घालून पाहिली. बरी झाली, पण लिंबाची सर नाही, असा निरोप आला. आपल्या अन्नाची लायकी सिद्ध करायला शेनिन ब्लाँचे प्रमाणपत्र लागत असेल, तर रुचिरेच्या प्रमाणपत्रात आणि यात काय फरक राहिला? वाइन या ताटाबरोबर चांगली लागते, हे सत्य नोंदवावे. ते ताटाचे भाग्य समजू नये.

आणखी एक बाजू राहते, ती कायद्याची. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही आहे आणि त्याखाली हातभट्टी हा गुन्हा आहे. असलाही पाहिजे : जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, जवळजवळ सारी कष्टकरी. त्याच राज्याने 27 जानेवारी 2022 रोजी हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. वाइन ही दारू नव्हे, ती शेतकऱ्याचे उत्पन्न आहे, असे तेव्हा सत्ताधाऱ्यांकडून सांगण्यात आले. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी संस्कृतीचे नाव घेतले गेले. पण मोहाच्या फुलांपासून मद्य काढणारा आदिवासी हाही आपल्या झाडाचे उत्पन्नच वापरत असतो. त्याच्यावर पोलीस केस आणि द्राक्षावर सवलत, हा भेद कोणत्या रसशास्त्रात बसतो, हे कोणी विचारले नाही. वस्तीतल्या बायका दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीला मत मागत फिरतात, तेव्हा त्यांच्यापुढे देशीचे दुकान असते. वाइनच्या दुकानाला त्यांचे मत लागत नाही, कारण ते त्यांच्या गल्लीत निघणारच नाही.

आणि शेतकऱ्याचे उत्पन्न म्हणताना मळ्यात हात कोणाचे असतात? दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात खरड छाटणीला, गोडी छाटणीला, विरळणीला, काढणीला सुरगाणा आणि पेठकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या येतात. वाइनच्या द्राक्षाची काढणी जानेवारी ते मार्च. सकाळी ऊन तापण्याच्या आत घड कापून क्रेटमध्ये भरायचे, कारण गरम झालेला घड पांढऱ्या वाइनला चालत नाही. मोठ्या वाइनरीत पाहुण्यांसाठी चाखण्याची खोली असते. तेथे पेले असतात, माहितगार तरुण असतो, थुंकण्याचे भांडे असते. टोळीतल्या बाया दुपारी बांधावर नागलीची भाकरी सोडतात, बरोबर सुकटीची चटणी. त्या सुकटीबरोबर त्याच मळ्याची वाइन कशी लागेल, हे साकीनाक्यातल्या माझ्या वहिनी नेमके सांगू शकतील. दादांनी तो निकाल हॉटेलात सांगितलेला नाही. पाहुण्यांपैकी कोणी विचारले नाही.